उचल आणि फेड

(या संवादातले दोन्ही डॉक्टर, पेशंट आणि त्याचं घर कल्पित आहेत. शरीररचना, उपचार आणि आकडे मात्र कल्पित नाहीत.)

महालक्ष्म्यांचं जेवण उरकून पाहुणे पांगले होते. अंबाजोगाईतल्या जुन्या घराच्या ओसरीवर काका अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. वय शहात्तर. हयात सर्जन म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं गावातल्याच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. ‘आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय’ हे शब्द ते अजून छाती काढून उच्चारतात. समोर झोपाळ्यावर पुतणी, पुण्यात रक्तवाहिन्यांची सर्जन. सणाला आलेली, पण केज तालुक्यातल्या एका पेशंटचा सीटी अँजिओ लॅपटॉपमध्ये घेऊन.

काका : सणासुदीचं तरी मिटव ते.

पुतणी : पाच मिनिटं, काका. तुमचं मत हवंय. खरं सांगायचं तर तुमचा विरोध हवाय.

काका : तो या घरात फुकट मिळतो. बोल.

पुतणी : सदुसष्ट वर्षांचा माणूस. चाळीस हंगाम उसावर कोयता चालवला. आता मुलगा-सून फडात जातात; हा आणि याची बायको गावी नातवंडं सांभाळतात. मागच्या महिन्यात डाव्या कुशीतून कळ आली. याचं म्हणणं, ‘मुतखडा असंल.’

काका : आधी कधी झालेला?

पुतणी : कधीच नाही.

काका : बिडी?

पुतणी : दिवसाला एक बंडल.

काका : मग खडा नाही तो. साठी ओलांडलेला, बिडी ओढणारा पुरुष आणि आयुष्यातला पहिलाच मुतखडा, एवढं कानावर आलं की आधी महाधमनी बघायची, खडा नंतर. इंटर्न पोरांकडून मी हे घोकून घ्यायचो. फुटायला आलेली महाधमनी कुशीतच दुखते, कळ जांघेकडं उतरते, थेट मुतखड्यासारखी. दुखणं थांबायचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेला माणूस पहाटेपर्यंत टिकत नाही.

पुतणी : अर्धं बरोबर. खडाही निघाला. चार दिवसांनी लघवीतून पडला, दुखणं थांबलं, नंतर परत आलं नाही. पण खडा शोधताना सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी प्रोब मधोमध आणला आणि तिथंच थांबले. महाधमनी ५.८ सेंटिमीटर.

काका : म्हणजे खड्यानं वाचवलं म्हाताऱ्याला. आणि सोनोग्राफीनं. या यंत्राचं नाव आपल्या जिल्ह्यात फार वाईट कारणासाठी गाजलं, बाई. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं बीडमध्ये ८०७ मुली होत्या. त्याच यंत्राच्या खात्यावर एक जीव जमा झाला, तर होऊ दे. ५.८ म्हणजे आता नुसतं बघत बसायची वेळ गेली.

पुतणी : गेलीच. पोटातली महाधमनी असते साधारण दोन सेंटिमीटर, आपल्या अंगठ्याएवढी. तीनच्या पुढं गेली की फुगा म्हणायचं. पुरुषांत साडेपाचपर्यंत थांबायचं, कारण एक ब्रिटनमधली आणि एक अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरची, अशा दोन्ही मोठ्या चाचण्यांत त्याआधी ऑपरेशन करून आयुष्य वाढलं नाही. साडेपाचच्या पुढं मात्र फुटण्याची भीती ऑपरेशनच्या भीतीपेक्षा मोठी होते.

काका : आणि फुटला तर केजहून निघालेला माणूस टेबलापर्यंत पोचायचा नाही. मोठ्या शहरातसुद्धा निम्मे वाटेतच जातात. मग यात माझा विरोध कशाला पाहिजे? पोट उघड, फुगा उघड, आत कापडाची नळी शिव, बाहेर ये.

पुतणी : हे बघा. (लॅपटॉप वळवते.)

काका : (चष्मा कपाळावरून खाली घेत) अरे! किडन्या चिकटल्यात की!

पुतणी : घोड्याच्या नालेसारखी किडनी. दोन्ही किडन्यांची खालची टोकं एकमेकींना जोडलेली, आणि तो जोड बरोबर महाधमनीच्या पुढून, फुग्याच्या अंगावरून गेलाय. चार-पाचशे माणसांत एखाद्याची अशी असते. बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. लघवीच्या नळ्या त्या जोडावरून वळसा घेऊन उतरतात, लघवी रेंगाळते, म्हणून खडे जास्त होतात. याचा खडाही त्यातलाच असावा.

काका : जू घातलेली बैलजोडी. आणि रिपोर्टात काय लिहिलंय?

पुतणी : किडनीवर एकच ओळ. ‘नालाकृती मूत्रपिंड. इतर उल्लेखनीय काही नाही.’ धमन्या किती, त्या कुठून निघतात, एक अक्षर नाही. मी स्वतः मोजल्या. चार आहेत.

काका : चार? बाकीच्या दोन आल्या कुठून?

पुतणी : तुम्हीच शिकवलं असेल हे पोरांना. गर्भात किडनी तयार होते ओटीपोटात. सहाव्या ते नवव्या आठवड्यात ती वर सरकते. सरकताना जिथं मुक्काम, तिथल्या मोठ्या धमनीची फांदी धरायची. वरची मिळाली की खालची सुकून जाते. ऊसतोडीची टोळी नव्या फडावर गेली की जुनी कोपी मोडते ना, तसं. काहींच्या एक-दोन कोप्या मोडायच्या राहतात. नेहमीच्या किडन्या असलेल्यांतही चौघांतल्या एकाला अशी जादा धमनी असते. नालाकृती किडनीचं तर वर चढणंच अडतं. मोठ्या आतड्याला रक्त नेणारी खालची धमनी महाधमनीतून पुढं निघते, तिच्याखाली तो जोड अडकतो. त्यामुळं मुक्काम खालीच आणि कोप्या बऱ्याच शिल्लक. आयझेनड्राथ नावाच्या सर्जननं शंभर वर्षांपूर्वीच या धमन्यांच्या मांडणीचे पाच प्रकार पाडले होते. त्यातही न बसणारी माणसं भेटतात.

काका : मग याच्या चारी सांग. एकेक.

पुतणी : दोन मुख्य, नेहमीच्या जागी, फुग्याच्या वर. त्यांच्याखाली १८ मिलिमीटर निरोगी भिंत. तिसरी दोन मिलिमीटरची, फुग्याच्याच पुढच्या भिंतीतून निघून जोडाच्या डाव्या अंगाला जाते. चौथी चार मिलिमीटरची. ती महाधमनीतून नाहीच. उजव्या पायाकडं जाणाऱ्या मोठ्या धमनीतून निघून वर वळते आणि उजव्या किडनीचा खालचा भाग पोसते.

काका : आणि तुझा विचार स्टेंटचा.

पुतणी : हो. दोन्ही जांघांतून घडी घातलेली नळी वर न्यायची, मुख्य धमन्यांच्या खाली उघडायची. कापड आतून बसलं की रक्त कापडातून वाहतं आणि फुग्यावरचा दाब जातो. पोट उघडायचंच नाही. किडनीचा जोड जिथं आहे तिथं राहतो, मी त्याला हातही लावत नाही.

काका : हात लावत नाहीस, पण उपाशी मारतेस. तुझं कापड जिथून जाणार, तिथल्या सगळ्या फांद्यांची तोंडं लिंपली जाणार. पैठणचा उजवा कालवा बघितलायस ना गेवराईकडं? कालव्यातून चारी निघते, चारीवर शेतं. चारीचं तोंड बुजवलं तर टेलच्या शेताला दुसऱ्या चारीचं पाणी मिळतं का?

पुतणी : नाही मिळत. किडनीत तेच. आतड्याच्या धमन्या एकमेकींना सांभाळून घेतात, किडनीच्या घेत नाहीत. ज्या तुकड्याची धमनी गेली, तो तुकडा वाळला. पण म्हणून तर मोजायचं. अमेरिकेतल्या रक्तवाहिनी सर्जनांच्या संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शनात सुचवलंय : जादा धमनी तीन मिलिमीटर किंवा मोठी असेल, किंवा किडनीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तिच्यावर असेल, तर ती राखावी. त्याहून बारीक असेल तर सोडून देता येते. याची तिसरी दोन मिलिमीटरची आहे, जोडाचा छोटा तुकडा पोसते. ती जाईल. चौथी मला राखायची आहे. उजव्या पायाची नळी तिच्या आधीच संपवणार. जागा पुरते, मी दोनदा मोजलंय.

काका : क्रिएटिनिन?

पुतणी : १.३.

काका : म्हणजे किडनी आधीच काठावर. त्यातून तुकडा वाळवणार, वर तुझ्या त्या डायचा मारा.

पुतणी : डाय कमीत कमी वापरणार. पोटाच्या भागात डायऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडूनही धमन्या दिसतात. आदल्या रात्रीपासून सलाइन. आणि आतापर्यंत नालाकृती किडनीवर स्टेंट टाकल्याच्या ज्या छोट्या-छोट्या नोंदी प्रसिद्ध झाल्यात, त्यांत तुकडा वाळला तरी कायमची किडनी निकामी झाल्याचं क्वचितच दिसतं.

काका : छोट्या नोंदी! कुठं तीन पेशंट, कुठं पाच. ज्यांचं बिघडलं, त्यांची नोंद कोण हौसेनं छापतं?

पुतणी : मान्य. पण उघड्या ऑपरेशनच्याही या किडनीवरच्या नोंदी तेवढ्याच छोट्या आहेत. मोठ्या चाचण्यांतले पेशंट वेगळे होते. या माणसासाठी तयार उत्तर कुणाकडंच नाही, काका. तुमच्याकडं आहे?

काका : माझ्याकडं हात आहेत. होते म्हण. मी डाव्या कुशीतून गेलो असतो. पोटाच्या मधून गेलं तर तो जोड आडवा येतो, पण डावीकडून, पोटाच्या पडद्याच्या मागून गेलं की किडनी जोडासकट उजवीकडं उचलता येते आणि महाधमनी समोर येते. मग तुझी दोन मिलिमीटरची धमनीसुद्धा छोट्या टिकलीसकट कापून कापडावर परत शिवता येते. टेलच्या शेतालाही पाणी.

पुतणी : आणि जोड आडवा आला म्हणून कापावा लागला तर?

काका : नाही कापायचा.

पुतणी : तुम्ही नाही कापणार. पण टेबलावर तशी वेळ आली तर? जोड म्हणजे नुसतं कातडं नसतं, बऱ्याचदा जिवंत किडनी असते. कापली की रक्त, आणि त्याहून वाईट म्हणजे लघवीची गळती, नुकत्याच शिवलेल्या कापडावर. कापडात जंतू शिरले की काय होतं, ते तुम्ही मला सांगायचं.

काका : (थांबून) कापडात जंतू शिरले तर माणूस जातो. तिथं माझं काही म्हणणं नाही.

पुतणी : आणि याची फुप्फुसं बिडीनं गेलीत. घराच्या सहा पायऱ्या चढून थांबतो. तासभर महाधमनीवर क्लॅम्प आणि कुशीवर वीतभर चीर हे त्याला झेपेल?

काका : झेपेल की नाही हा प्रश्न खरा. पण तू ज्या चाचण्यांच्या जोरावर बोलतेस, त्या मीही वाचल्यात. निवृत्त झालो म्हणून मासिकं बंद नाही केली. ब्रिटनची मोठी चाचणी, १९९९ ला सुरू झालेली. पहिल्या तीस दिवसांत स्टेंटवाल्यांतले शंभरात दोनाहून कमी गेले, उघड्या ऑपरेशनवाल्यांतले चाराहून जास्त. सगळीकडं ढोल वाजले. पंधरा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये छापून आला, तेव्हा काय दिसलं? सुरुवातीचा फायदा काही वर्षांतच संपला, आणि आठ वर्षांनंतर फुग्यामुळं मरणारे स्टेंटवाल्यांतच जास्त. कापड घसरतं, सांधे सुटतात, मागच्या दारानं रक्त शिरून फुगा परत वाढतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१८ च्या मसुद्यात तर ज्याचं साधं उघडं ऑपरेशन होऊ शकतं त्याला स्टेंट नकोच, असं म्हटलं होतं.

पुतणी : आणि २०२० च्या अंतिम मार्गदर्शनात ते मवाळ केलं. पोटात आधीच गुंतागुंत असेल किंवा भूल झेपणार नसेल, तिथं स्टेंटला वाव ठेवला. नालाकृती किडनी ही तर त्यांनी नावानिशी घेतलेल्या गुंतागुंतींतली. पण काका, आकड्यांबद्दल मी भांडत नाही. ते खरेच आहेत.

काका : मग माझं म्हणणं ऐक. उघडं ऑपरेशन म्हणजे रोखीचा व्यवहार. एकदा भारी किंमत मोजली, माणूस वाचला, की घरी जा, बैल सांभाळ, परत तोंड दाखवलं नाहीस तरी चालेल. तुझा स्टेंट म्हणजे मुकादमाची उचल. आज पैसे हातात, तिसऱ्या दिवशी घरी, सगळे खूश. आणि मग फेडत बसायचं जन्मभर. महिन्यानं सीटी, वर्षानं सीटी, मग दर वर्षी. उचल घेतलेल्या माणसाच्या मागं मुकादम तरी लागतो. स्टेंट टाकलेल्या माणसाच्या मागं कोण लागणार? या जिल्ह्यातले लाखो लोक दसरा-दिवाळीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात निघतात आणि चैत्राच्या आसपास परत येतात. तुझी तारीख पडणार माघात. मुलगा फडात. म्हातारा म्हणणार, आता दुखत नाही, कशाला जायचं पुण्याला? आणि चार वर्षांनी रात्री दोनला फुगा फुटणार.

(झोपाळा थांबतो. आतून भांडी घासल्याचा आवाज.)

पुतणी : याचं माझ्याकडं उत्तर नाही.

काका : आहे, नाही कसं? शोधावं लागेल एवढंच. पण आधी एक सांग. म्हाताऱ्याला विचारलंस? त्याची बायको आली होती?

पुतणी : आली होती. तिथंच माझं चुकलं. मी साध्या शब्दांत सांगायला गेले. म्हटलं, आजी, यांच्या पोटातल्या मुख्य नळीला पिशवी आलीय, तिचा बंदोबस्त करायचाय. तिनं सगळे कागद गोळा केले, पदराखाली धरले आणि उठून उभी राहिली. म्हणाली, ‘पिशवी काढायची न्हाई. माजी काढली तवापासून कंबर धरलीय. यांची न्हाई काढू देणार.’

काका : (सुपारी बाजूला ठेवतात) पिशवी म्हणू नकोस गं. या जिल्ह्यात तो शब्द जळालेला आहे.

पुतणी : नंतर लक्षात आलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी सरकारनं पाहणी केली होती, ती वाचली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायका तपासल्या, तर १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं. खाडा पडला तर दंड, फडात ना पाणी ना आडोसा, वर कुणीतरी घातलेली कॅन्सरची भीती. ‘पिशवी काढली’ एवढ्या दोन शब्दांत हे सगळं येतं.

काका : आणि त्यात आमच्यातल्यांचाही हात आहे. म्हणून सांगतो, तिचा नकार म्हणजे अडाणीपणा समजू नकोस. कुणीतरी पोटात काहीतरी बिघडलंय म्हणतं, घाई करतं, पैसे घेतं. पुढं काय भोगावं लागतं ते तिनं अंगावर काढलंय. तिला काय सांगायचं, तर आपण काहीच काढत नाही. ना किडनी, ना पिशवी. फुगा आहे, आतून अस्तर लावतोय. गोधडीला लावतात तसं.

पुतणी : गोधडीचं अस्तर. हे मला सुचलं नव्हतं.

काका : सुचायला काय, वस्तुस्थितीच आहे ती. या कापडाचा इतिहासच शिवणकामातला. सर्जन डिबेकींनी १९५० च्या दशकात डेक्रॉनच्या पहिल्या नळ्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवल्या. आणि कापड किती टिकतं, हे अंबाजोगाईकरांना कुणी सांगायला नको. दासोपंतांनी पासोडीवर पंचीकरण लिहिलं, चारशे वर्षं झाली, अजून गावात जपून ठेवलीय.

पुतणी : पासोडी नीट घडी घालून ठेवली, तिच्याकडं कुणीतरी बघत राहिलं म्हणून टिकली, काका. स्टेंटचंही तेच.

काका : (हसतात) बघ, आता तू माझ्या बाजूनं बोलायलीस.

पुतणी : फेडीच्या बाबतीत आहेच मी तुमच्या बाजूला. फक्त उचल घ्यायची नाही, हे पटत नाही. घरात चूल पेटणार नसेल तर उचल घ्यावीच लागते. परोडींनी १९९० मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये पोटातल्या फुग्यात पहिला स्टेंट बसवला, तो उघडं ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठीच. त्याच्या तीन वर्षं आधी युक्रेनमध्ये खारकीवला वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत बसवला होता, जगाला पत्ता लागायला वेळ लागला. या दोघांनी काही उघड्या ऑपरेशनवाल्यांचं दुकान बंद करायला हे काढलं नाही.

काका : आणि तिसरा रस्ता? काहीच न करणं? आइनस्टाइनचं माहीत आहे ना? १९४८ मध्ये सर्जन निसेन यांनी त्यांचा फुगा सेलोफेननं गुंडाळला, तेव्हा दुसरं काही नव्हतंच. सहा वर्षांहून जास्त निघाली. १९५५ मध्ये फुगा गळायला लागला, तोवर ऑपरेशन निघालं होतं, त्यांनी नको म्हटलं. माणसाचा तोही हक्क आहे.

पुतणी : आहे. पण त्यांनी सगळं समजून नको म्हटलं. आजीनं पिशवी ऐकून नको म्हटलं. आधी तिला नीट सांगते, मग ती नको म्हणाली तर मी गप्प बसेन.

काका : हे बोललीस ते बरं केलंस. आण तो कालनिर्णय. भिंतीवरचा, तोच. आता फेडीचं बघू. आज भाद्रपद. मुलगा-सून घरी आहेत?

पुतणी : आहेत. टोळी दिवाळीनंतर निघणार म्हणाला.

काका : मग पितृपक्षातच कर. लोक टाळतात पितृपक्ष, तुला टेबल मोकळं मिळेल. म्हातारा कुरकुरला तर मी समजावतो. खर्चाचं काय? नुसता स्टेंटच काही लाखांचा.

पुतणी : महात्मा फुले योजनेत आता कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत आहे. हे नेमकं ऑपरेशन, आमच्या हॉस्पिटलात, त्यात बसतं का, ते आरोग्यमित्राकडून लेखी घेतल्याशिवाय मी तारीख देणार नाही.

काका : लेखीच घे. पितृपक्षात ऑपरेशन झालं तर महिन्याची सीटी कधी पडते?

पुतणी : (पानं उलटत) दिवाळीच्या अलीकडं. मुलगा निघायच्या आत.

काका : त्यात गळती दिसली तर?

पुतणी : वरच्या किंवा खालच्या सांध्यातून असेल तर तेव्हाच दुरुस्त करायची. टोळी निघायच्या आत. मागच्या दारानं, बारक्या फांद्यांतून असेल तर थांबता येतं, पण सहा महिन्यांनी परत बघावं लागतं. म्हणजे फाल्गुन-चैत्र. मुलगा फडात.

काका : तेव्हा सीटी कशाला? सोनोग्राफी चालेल?

पुतणी : डॉप्लर सोनोग्राफी चालेल. किडनीसाठी तर तीच बरी, डाय नाही लागत. फुग्याचा आकार वाढला नाही आणि किडनीत रक्त नीट जातंय, एवढं कळलं तरी पुरे. वाढला असेल तर मग सीटी.

काका : ती अंबाजोगाईत होते. केजहून एसटीनं येतील दोघं. पासष्टीच्या पुढचा म्हणून त्याला अर्धं तिकीट, बाई म्हणून तिला अर्धं. त्यासाठी पुण्याला जायचं नाही. आकडे तुला मोबाइलवर पाठवायची जबाबदारी माझी. बिडी सोडवायचीही. ती तुझ्या पुण्यातल्या गोळीनं सुटायची नाही.

पुतणी : तुम्ही? तुम्ही तर विरोधात होतात.

काका : अजून आहे. हा माणूस पन्नाशीचा, धडधाकट फुप्फुसांचा असता, तर तुला हे करू दिलं नसतं. डाव्या कुशीतून उघडायला लावलं असतं आणि समोर उभा राहिलो असतो. पण याची फुप्फुसं आणि तो जोड, दोन्ही माझ्या विरोधात आहेत. उचल घ्यायची तर घे. पण उचल देताना कोरा कागद पुढं करून अंगठा घेतात ना, तसं करायचं नाही. फेड किती, कधी, कुणी नेऊन भरायची, हे सगळं ऑपरेशनच्या आधी, मुलासमोर आणि आजीसमोर, मराठीत लिहून. चार धमन्यांचं चित्रही काढून दे. उद्या दुसऱ्या कुणी डॉक्टरनं बघितलं, तर त्याला ‘इतर उल्लेखनीय काही नाही’ वाचून बसावं लागू नये.

पुतणी : चित्र आताच काढते. पेन द्या.

(एक पाठकोरा कागद. मधून जाणारी जाड नळी, तिचा फुगा, त्याच्या पुढून आडवी गेलेली नाल. वर दोन रेघा. फुग्यातून एक बारीक, तिच्यावर फुली. उजव्या पायाकडच्या नळीतून वर वळलेली एक जाड, तिच्याभोवती गोल.)

काका : गोल कशाला?

पुतणी : ही राखायची म्हणून.

काका : खाली लिही तसं. नुसत्या गोलाचा अर्थ तुला कळतो, पुढच्याला कळायचा नाही. आणि वर्षाची तारीख?

पुतणी : पुढच्या वर्षी, सप्टेंबरची…

काका : सप्टेंबर खोड. कुणाच्या लक्षात राहतो सप्टेंबर? टोळी तेव्हा गावात असते, मुलगा-सून घरी असतात. महालक्ष्म्या उठल्या की दुसऱ्या दिवशी तपासणी, असं लिही. आजी स्वतः घेऊन येते की नाही बघ.

(पुतणी ‘सप्टेंबर’वर रेघ मारते आणि वर लिहिते.)